रोजचा अर्धा पीळ

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे. दोन तारा हरवलेली साधी गिटार नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण आजवर भेटलेल्या दहा माणसांपैकी नऊ जणांनी मला पाहिल्या पाहिल्या तोच प्रश्न विचारला आहे. मला असतात चारच तारा, चांगल्या जाड, आणि माझा आवाज खाली पोटात घुमतो. गाणं चालू असताना मी वाजते आहे हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मी थांबले की मात्र काहीतरी कमी झालंय एवढं सगळ्यांना कळतं.

माझं मोठं दुःख असं, की मला आपणहून बोलता येत नाही. वाजवणारी बोटं हवीत, वायर हवी, आवाज मोठा करणारा डबा हवा. डब्याशिवाय माझा आवाज बंद खोलीतल्या माशीएवढा. आणि वाजले तरी मी सूरच काढणार, शब्द थोडेच काढणार? हे दुःख पुढे मला किती महागात पडलं, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडो बहिणी एका ओळीत टांगलेल्या होत्या. अंगठ्याला पट्टी बांधलेल्या एका बाईंनी माझ्या लांब मानेत पोलादाची एक बारीक सळई घातली. मित्रांनो, तारा मान पुढे ओढतात आणि ही सळई तिला मागे धरून ठेवते. मान वाकू लागली तर सळईच्या तोंडात सहा कोनी किल्ली घालून किंचित फिरवायची, की मान पुन्हा सरळ. ते तोंड झाकायला बाईंनी दोन स्क्रूंचं एक काळं झाकण बसवलं. हे झाकण लक्षात असू द्या. माझ्या मालकांच्या लक्षात आलं नाही, निदान तुमच्या तरी असू द्या.

तिथून मी वाद्यांच्या दुकानात आले. वरच्या रांगेत भारी गिटारी होत्या. त्यांतली एक लाल तर इतकी चकचकीत, की गिऱ्हाइकं तिच्यात बघून केस नीट करायची. मी खालच्या रांगेत, दाराशेजारी. माझ्या गळ्यात ‘नवशिक्यांसाठी’ अशी चिठ्ठी. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या मला लागायच्या. एकदा तर कुणीतरी, तार पिळायची असते त्या माझ्या खुंटीला ओली छत्री अडकवली. काय करणार? ठिबकत राहिले.

मग एका दुपारी एक बाप आणि त्याची सतरा वर्षांची लेक आली. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. पायात झिजलेले बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लेकीला घरात चिंगी म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते. चिंगी तिच्या संगीताच्या क्लासमध्ये बेस शिकली होती, तिथल्या बेसवर. आता क्लासमधल्या चौघांनी मिळून आपला बँड काढला होता, आणि त्यात तिला स्वतःची बेस लागणार होती.

चिंगीनं आधी लाल गिटारीकडे पाहिलं. मग बाबांच्या बुटांकडे पाहिलं. मग ती खाली वाकली आणि मला उचलून म्हणाली, “ही छान आहे, बाबा.”

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. आपण आवडलो म्हणून नाही, परवडलो म्हणून निघालो, हे कळायला फार अक्कल लागत नाही. बाबा मात्र खूश. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, तारांवर अंगठा दाबला आणि दुकानदाराला विचारलं, “भार किती घेते?”

दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाले, “साहेब, हिच्यावर कुणी उभं राहणार नाहीये.”

चिंगी खळखळून हसली. त्या हसण्यानं माझा रुसवा निम्मा तरी गेला. घरी नेऊन तिनं मला डब्याला जोडलं, सर्वांत जाड तार छेडली आणि खिडकीची काच थरथरली. आई दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवरून दिवसभर माणसांचे आवाज ऐकून आली होती. ती म्हणाली, “अगं, मिक्सर काय कमी होता घरात?” पण दहा मिनिटांनी तिचाच पाय ताल धरू लागला. तेव्हा उरलेला रुसवाही गेला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा वाईट माणूस मुळीच नाहीत. बावीस वर्षं त्यांनी लिफ्टचे दोर तपासले. दोर ढिला म्हणजे माणसांचा जीव टांगणीला, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. घरातही त्यांच्या नजरेला ढिलं काही खपायचं नाही. दाराची कडी, कपडे वाळत घालायची दोरी, खुर्चीचा पाय, दिसलं की आवळलं. चिंगीच्या येण्याजाण्याच्या वेळाही तशाच आवळलेल्या.

मला घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यापाशी आले. चिंगी अंघोळीला गेली होती. त्यांनी चारही तारांवर अंगठा दाबून पाहिला. आदल्या संध्याकाळी चिंगीनं तारा अगदी सुरात लावल्या होत्या. पण बेसच्या तारा सुरात असल्या तरी बोटाला मऊच लागतात, हे बाबांना कुठून ठाऊक असणार?

“ढिल्या पडल्या की एका रात्रीत,” ते पुटपुटले, आणि त्यांनी प्रत्येक खुंटीला अर्धा पीळ दिला. सर्वांत जाड तारेला जरा जास्तच, कारण जाड दोरावर भार जास्त. मग माझ्यावर फडकं फिरवून, आपण लेकीचं काम हलकं केलं या समाधानात ते कामावर गेले.

संध्याकाळी चिंगीनं मला हातात घेतलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. सगळे सूर चढलेले. तिनं ते उतरवले. दुसऱ्या सकाळी बाबांनी पुन्हा चढवले. तिनं पुन्हा उतरवले. मित्रांनो, असे दोन महिने गेले.

तुम्ही म्हणाल, एकमेकांना विचारलं का नाही? त्यांच्या घरात सगळे एकमेकांना जपतात, हीच तर अडचण. बाबांना आपण केलेलं बोलून दाखवायची सवय नाही. त्यांना वाटायचं, न सांगता केलं तर ती खरी माया. आणि चिंगीला वाटायचं, बाबांनी एवढ्या हौसेनं आणलं, आता कुरकुर कशी करू? ती मैत्रिणीला फोनवर हळूच सांगायची, “सूरच धरत नाही गं. स्वस्तातली आहे ना.”

खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मी सूर धरत होते हो! जिवाच्या आकांतानं धरत होते. दिवसभर आवळलेल्या तारा माझी मान पुढे खेचत आणि आतली बिचारी सळई एकटीच मागे ओढत राही. हळूहळू मान वाकली. तारा मानेवरच्या पट्टीपासून वर उचलल्या गेल्या. चिंगीला त्या दाबायला जास्त जोर लागू लागला, तिची बोटं सोलवटली. ती बोटांना चिकटपट्टी लावून वाजवायची, आणि मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटायचं सांगू? बाबा रोज सकाळी माझ्यावर वाकले की त्यांचा किल्ल्यांचा जुडगा त्या काळ्या झाकणावर टेकायचा. त्या जुडग्यात सहा कोनी किल्ल्या होत्या. माझं औषध माझ्या मानेला घासून परत जायचं. एकदा तर बाबांनी ते झाकण फडक्यानं चकचकीत पुसलं आणि म्हणाले, “शोभेचं दिसतंय.” मला ओरडावंसं वाटलं. पण मी तर डब्यालाही जोडलेली नव्हते.

अशात चिंगीच्या बँडचा पहिला कार्यक्रम ठरला. मोठं सभागृह, सहा बँड, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. बँडचा म्होरक्या ढोल्या. ड्रम वाजवायचा म्हणून ढोल्या, अंगानं अगदी काडी. तो चिंगीला स्पष्टच म्हणाला, “तुझी बेस दर सरावाला सुरात लागलेली नसते. या वेळी बिघडलं, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. राग मानू नकोस.”

चिंगीनं राग मानला नाही. घरीही काही सांगितलं नाही. फक्त त्या आठवड्यात ती रोज दोन तास वाजवत बसली. तिला हा बँड किती हवा होता ते मला ठाऊक होतं. एरवी ती चारचौघांत तोंड उघडायची नाही. माझ्या मागे उभी राहिली, की मात्र तिचे खांदे सरळ व्हायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिनं मला अतिशय काळजीनं लावलं. एकेक तार चार-चार वेळा ऐकली. मग मला पिशवीत घालून, चेन उघडी ठेवून, ती केस विंचरायला आत गेली.

आणि बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले तेच बूट. मला वाटलं, आज तरी नको. पण त्यांनी अंगठा दाबलाच.

“आज मोठा दिवस आहे बाई,” ते मला म्हणाले, अगदी प्रेमानं. “आज कमी पडू नकोस.” आणि त्या दिवशी अर्ध्याऐवजी त्यांनी पूर्ण पीळ दिला. चेन लावली. पिशवीवर दोनदा थोपटलं.

सभागृहात आधीच्या बँडनं वेळ खाल्ला. चिंगी म्हणाली, “मला दोन मिनिटं द्या, फक्त लावून बघते.” सूत्रसंचालक हातातल्या घड्याळावर बोट आपटत म्हणाले, “अजिबात वेळ नाही, चला, चला.” दिवे लागले. ढोल्यानं काड्या वाजवून एक, दोन, तीन, चार म्हटलं.

मी वाजले. मित्रांनो, मी आयुष्यात इतकी बेसूर कधी वाजले नव्हते, आणि नेमकं त्या दिवशी मला सभागृहाच्या भिंतीएवढे डबे जोडलेले होते. चारही तारा सारख्याच चढल्या असत्या तर चिंगीनं बोटं सरकवून कसंबसं निभावलं असतं. पण जाड तार जास्त चढलेली. चिंगी सावरायला बघत होती आणि दर सूर वेगळ्याच ठिकाणी पडत होता. गाणाऱ्या मुलीनं मागे वळून पाहिलं. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. अर्ध्या गाण्यात चिंगीनं आवाजाचं बटण शून्यावर नेलं, आणि उरलेला सगळा वेळ ती नुसती बोटं हलवत उभी राहिली. मी तिच्या गळ्यात मुकी लटकत होते.

बाबांना त्यातलं काही कळलं नाही. ते शेवटी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर चिंगीनं मला भिंतीला टेकवलं आणि ती पहिल्यांदा बोलली. “बाबा, ढोल्यानं दुसरा मुलगा घेतला. त्याची चूक नाही. ही गिटार सूर धरतच नाही. मी रोज संध्याकाळी उतरवते आणि दुसऱ्या दिवशी ही पुन्हा चढलेली असते.”

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पार उतरला होता.

“ही चढत नाही गं,” ते म्हणाले. “मी चढवतो. रोज सकाळी.”

मग चिंगी एवढंच म्हणाली, “मला सांगायचं ना, बाबा.”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

ती रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली आणि बोटांवरच्या पट्ट्या सोडवत बसली.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर न जाता मला घेऊन दुकानात गेले. दुकानदारांनी एक डोळा मिटून माझ्या मानेवरून नजर टाकली आणि चक्‌चक् केलं. त्यांनी दोन स्क्रू काढून ते काळं झाकण उघडलं आणि म्हणाले, “आत सळई आहे. ती आवळायची असते, तारा नाही. थांबा, किल्ली आणतो.”

पण बाबांनी आपला जुडगा आधीच काढला होता. चौथी किल्ली बरोबर बसली. दुकानदार म्हणाले, “महिनाभर आधी आला असतात तर पाच मिनिटांचं काम होतं. आता वाक थोडा राहणारच.” बाबा त्या किल्लीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्या किल्लीनं त्यांनी काय काय सरळ केलं असेल!

तो वाक राहिला. मानेवर बोटं दाबायची जी घरं असतात, त्यांतल्या पहिल्या पाचांपर्यंत मी बरी वाजते, त्यापुढे कुरकुरते. चिंगी पुढच्याच वर्षी शिकायला दुसऱ्या शहरात गेली. जाताना मला घेऊन गेली नाही. रागानं नव्हे, तिथं तिच्या वाट्याला एक पलंग आणि अर्धं कपाट होतं. तिनं माझ्या तारा सैल सोडल्या आणि मला इथं भिंतीवर टांगलं. तिला पुन्हा कुठला बँड मिळाला की नाही, मला माहीत नाही. मला कोण सांगणार?

सुट्टीत ती येते तेव्हा थोडा वेळ वाजवते. मागच्या खेपेला बाबा शेजारी येऊन बसले. त्यांनी तारेवर अंगठा ठेवला आणि भीत भीत विचारलं, “एवढी ढिली चालते?”

“एवढीच लागते, बाबा,” ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल, तर त्याला उन्हात ठेवू नका, ओली छत्री अडकवू नका, आणि वाजवायचं नसेल तेव्हा तारा थोड्या सैल सोडा. आम्हाला दुखलं तरी सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतं, तीही माणसं पुष्कळदा सांगत नाहीत. तेव्हा पीळ देण्याआधी एकदा विचारा, एवढीच माझी विनवणी आहे.

बाबा अजूनही रोज सकाळी कामावर निघताना माझ्यापाशी थांबतात. फडकं फिरवतात. त्यांचा हात सवयीनं तारेच्या खुंटीवर जातो, आणि तिथं जरा वेळ तसाच राहतो. मग ते तो काढून घेतात आणि दार लावून जातात.