शेजारच्या आजी

साहाय्य केंद्राच्या बाई गुरुवारी घर बघायला येणार हे कळलं, आणि मावशी धास्तावली. खरं तर त्यांना बोलावलं होतं तिनेच. नात्यातलं मूल सांभाळणाऱ्यांना केंद्राकडून मदतनीस मिळते, शाळा सुटल्यापासून आपण कामावरून परतेपर्यंत ती मुलाजवळ बसते, असं धुलाई कारखान्यात कुणीतरी सांगितलं. मावशीने अर्ज भरून टाकला. भरताना बरं वाटलं, घरी आल्यावर घाम फुटला.

टिचकी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय वर्षं आठ, अंगाने नुसती काडी, म्हणून टिचकी. तीन वर्षांपूर्वी धाकटी "चार दिवसांत येते" म्हणून पोरीला ठेवून गेली, ती गेलीच. बाकीचे नातेवाईक एकेकदा येऊन हळहळून गेले. हळहळायला काय जातं? निस्तरायचं होतं ते मावशीने निस्तरलं. दिवसभर ती हॉटेलांच्या चादरींवर इस्त्री फिरवत उभी असायची, आणि टिचकी दीड वाजता गळ्यातल्या किल्लीने घर उघडायची, आतून कडी लावायची आणि सहापर्यंत एकटी बसायची.

हे बाईंना सांगायचं? आणि त्यांनी पोरीला उचलून वसतिगृहात टाकलं तर? मावशीने डोकं चालवलं. नसतं चालवलं तर बरं झालं असतं.

तिने शेजारच्या आजींना गळ घातली. या आजी पोरीकडे कधी ढुंकून बघायच्या नाहीत. जिन्यात पावलं वाजली तरी त्यांचं कपाळ दुखायचं. पण तासाभरासाठी फुकटचं चांगलं म्हणवून घ्यायला कोण नको म्हणेल? मग मावशीने टिचकीला समोर उभं केलं, हात मागे बांधायला लावले आणि घोकून घेतलं.

"शाळा सुटली की मी शेजारच्या आजींकडे असते."

"कुणीही विचारलं तरी असंच सांगायचं. नाहीतर नेतील तुला."

"तू विचारलंस तरी?"

"मी कशाला विचारेन, शहाणे?"

गुरुवारी बाई आल्या. भल्या बाई होत्या, पण दिवसातलं पाचवं घर होतं. त्यांनी कपाट बघितलं, अंथरूण बघितलं, वह्या चाळल्या. फ्रॉकच्या आत लपलेली किल्ली काही त्यांना दिसली नाही. आजी ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या. "पोर म्हणजे माझा जीव की प्राण," असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि कागदावर झोकात सही केली. टिचकीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तिथेच थांबायचं ठरलं होतं, पण ती पुढे बोलत राहिली.

"आजी मला दूध गरम करून देतात. साय काढून ठेवतात, मला आवडत नाही ना. मग विचारतात, आज कोण रागावलं? मी सांगते. मग त्या म्हणतात, जाऊ दे गं."

बाईंचा चेहरा खुलला. मावशीचा उतरला. यातलं एक अक्षरही तिने शिकवलं नव्हतं.

बाई गेल्यावर आजी उठल्या. "झालं ना तुझं काम?" म्हणाल्या आणि आपल्या घरी जाऊन दार लावून घेतलं.

"मावशी, आजी उद्यापण येणार?" टिचकीने विचारलं.

"नाही गं."

आठवड्याने पत्र आलं. मुलीची दुपारची सोय उत्तम असल्यामुळे मदतनिसाची आवश्यकता दिसत नाही. मावशी अर्धी रजा टाकून केंद्रात गेली. बाकावर शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते, दोन नातवंडं एकट्याने सांभाळणारे. ते आपणहून सांगायला लागले.

"मी सरळ सांगून टाकलं, पोरं घरी एकटी असतात, मला जमत नाही. म्हटलं, आता नेतात पोरांना. तर बाई काय म्हणाल्या? अहो आजोबा, त्यासाठीच तर आम्ही आहोत! सोमवारपासून मदतनीस येतेय."

मावशीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तिचा नंबर लागला तेव्हा खरं अगदी ओठांवर होतं.

"या, या!" बाई हसल्या. "काय गुणी मुलगी आहे हो तुमची. आणि अशा आजी तर मी कुठेच बघितल्या नाहीत."

आजींची सही, तिची स्वतःची सही, सगळं त्या फायलीत होतं. मावशीचं अवसान गळालं. "आभार मानायला आले होते," ती म्हणाली आणि परत फिरली. स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता.

पुढच्या मंगळवारी ती सहाला घरी आली. शेजारी कुलूप होतं. आजी कालच महिनाभरासाठी मुलाकडे गेल्या होत्या. घरात टेबलावर दोन पेले होते. एक रिकामा, दुसरा दुधाने भरलेला आणि वर सायीचा जाड थर. टिचकी हात मागे बांधून उभी होती.

"हात दाखव."

मनगटापासून वरपर्यंत भाजलं होतं, टरटरून फोड आले होते.

"कधी भाजलं?"

"आत्ताच."

वीस वर्षं इस्त्रीचे चटके सोसलेल्या बाईला चटका कधीचा ते विचारावं लागत नाही. हा दुपारचा होता, चांगला चार तासांपूर्वीचा.

"खरं सांग. जवळ कोण होतं तुझ्या?"

टिचकीने हात पुन्हा मागे नेले आणि ताठ उभी राहिली. "शाळा सुटली की मी शेजारच्या आजींकडे असते. दूध सांडलं तेव्हा आजींनी हातावर गार पाणी ओतलं. म्हणाल्या, रडू नको गं."

"अगं, मी विचारतेय! मी!"

"कुणीही विचारलं तरी असंच, तूच म्हणालीस ना?" टिचकी रडली नाही. "मी नीट सांगितलं ना? आता नाही ना नेणार मला?"

मावशीने तिला ओढत मोरीत नेलं, नळ सोडला आणि तो हात धारेखाली धरला. चार तासांनंतर पाण्याचा काही उपयोग नसतो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी ती धरून बसली.