वारंवार दार वाजवणाऱ्या जाळ्यांबाबत

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत रिन्स्के तर्पस्ट्राला एकच ओळ लिहून पाठवायची होती: मसुद्यावर कुणाचीही हरकत आलेली नाही.

इंटरनेटवरचा मजकूर जगभर कुठल्या वाटेने जावा, याचे नियम लिहिणाऱ्या गटाच्या दोन अध्यक्षांपैकी ती एक. गटात कुणीही यावं, कुणीही बोलावं. मतदान नाही. मसुदा दोन आठवडे सगळ्यांना मेलवर पाठवून ठेवायचा आणि जो बोलला नाही त्याची संमती धरायची. बरीच लग्नंही याच पद्धतीने लागतात.

हा मसुदा, आवृत्ती सतरावी, दार वाजवणाऱ्यांबद्दल होता. एखाद्या छोट्या जाळ्याची, म्हणजे नेटवर्कची, लाइन सारखी पडते, परत येते, आणि दर खेपेला ते जगातल्या सगळ्या राउटरांना ओरडून सांगतं, मी गेलो, मी आलो. मोठ्यांना त्याचा त्रास होतो. म्हणून नियम असा की अशा जाळ्याला पहिल्या वेळी एक मिनिट बाहेर ठेवायचं, दुसऱ्या वेळी दोन, मग चार, मग आठ. बाहेर असताना पुन्हा दार वाजवलं, की शिक्षा दुप्पट आणि वेळेची मोजणी पहिल्यापासून.

अकराव्या आवृत्तीत शिक्षेला मर्यादा होती. ती पंचेचाळीस मिनिटं असावी की साठ, यावर दोन विद्वान पाच महिने भांडले. शेवटी रिन्स्केनेच तोडगा काढला, मर्यादेचं वाक्यच गाळू. त्यावर तासाभरात एकमत झालं. तिचं कौतुकही झालं.

कुरकुर केली ती फक्त छोटी जाळी चालवणाऱ्या अकरा जणांनी, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्याने फेरो बेटांवरच्या हानुसने. 'समुद्राखालून माझी एकच केबल येते,' त्याने लिहिलं होतं. 'वादळात ती डगमगते. मी दार वाजवू नको, तर काय खिडकी फोडू?' पण हानुसचं कोण ऐकणार? एकोणीस वर्षांत त्याने हरकत घेतली नाही असा मसुदा नव्हता. एकदा चुकून एका ठरावाला दुजोरा दिला, तर तशी नोंद करणाऱ्या इतिवृत्तावर हरकत घेतली.

आणि या दोन आठवड्यांत त्याचं एक अक्षर नाही.

रिन्स्केने ती ओळ लिहिली होती, पण पाठवायला हात धजेना. तीन वाजता तिने उट्रेख्टला दुसऱ्या अध्यक्षाला, एवाउटला, व्हिडिओ फोन लावला. तो कॉफीबरोबरचं एकुलतं एक बिस्किट पुरवून पुरवून खात होता.

"मेला असेल म्हातारा," एवाउट म्हणाला.

"लाज वाटू दे जरा."

"अगं, चौऱ्याऐंशीचा आहे. मेला नसेल तर सुधारला असेल. आपल्याला दोन्ही चालेल."

"अकराच्या अकरा जण गप्प आहेत, एवाउट."

"म्हणजे मसुदा चांगला झालाय. श्रेय घे की बाई, घेता येतंय तोवर."

"मी त्यांची जाळी तपासली. अकरापैकी एकही जागेवर नाही. तीन आठवडे झाले. मोठ्या कंपन्यांनी हा नियम चाचणीला लावला, त्याच आठवड्यापासून."

एवाउटने बिस्किट खाली ठेवलं.

"चाचणी उत्तम चाललीय," तो सावकाश म्हणाला. "एकही तक्रार नाही."

"तक्रार येणार कुठून, गाढवा?"

एवाउटने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमच्या बेटाला लाइन देणाऱ्या किनाऱ्यावरच्या कंपनीनेही कालपासून लावलाय. हे बघ, हरकत असेल तर लिही. सगळ्यांना दिसेल अशी, मेलवर, पाचच्या आत. फोनवरची मला धरता येत नाही, तो नियमही तूच लिहिलायस. पाचला मी अहवाल पाठवणार. एकदा शिक्का बसला की वर्षभरात जगातल्या प्रत्येक राउटरमध्ये हेच असेल, आणि मग..."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. चित्र गोठलं होतं. दुपारपासूनची ही चौथी वेळ. तिच्या आमेलांड बेटावर वादळ असलं की असं व्हायचंच, मिनिटभरात लाइन परत यायची.

तेवढ्यात तिने हरकत लिहून काढली. मर्यादा परत घाला, ती गाळण्याची चूक माझी. पावणेचारला पाठवली. मेल गेली नाही. चारलाही गेली नाही. मोबाइलचा मनोराही त्याच केबलवर, तोही मेलेला. बोटी सकाळपासून बंद होत्या.

तिने कागदावर हानुसच्या बेटाचा हिशेब मांडला. तीन आठवड्यांचं वादळ, दिवसाला पाच-सहा वेळा दार वाजलं असं धरलं. तिसऱ्या ओळीवर शतकं लागली. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि सायकल काढली.

बेटावरच्या लोकांनी वर्गणी काढून उभारलेल्या जाळ्याची पेटी बंदरावरच्या तिकीटघरात होती. तिची देखभाल सीप करायचा. पंचवीस वर्षं त्याने बोटीचे दोर बांधले होते आणि पेटीही तो त्याच आत्मविश्वासाने हाताळायचा.

"आलीस? काळजी करू नकोस," तो ओरडला. "बंद करून चालू केलीय. सहा वेळा!"

"सहा?"

"सातव्यांदा करतोच आता. यंत्राला वाटलं पाहिजे, मागे कुणीतरी माणूस आहे म्हणून."

"हात लावू नका!"

सीपचा हात हवेत राहिला. तिने वाकून पेटीचा प्लग उपटला आणि मुठीत धरला.

"वादळाने लाइन किती वेळा पडली आज?"

"सात वेळा. वहीत लिहिलंय. का गं?"

सात आणि सहा तेरा. तिने बोटांवर दुप्पट करत नेलं, बोटं संपल्यावर तोंडाने पुटपुटत. भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी होते.

"आता काय करायचं?" सीपने विचारलं.

"काहीच नाही. गप्प बसायचं. मध्ये एकदा जरी वाजवलं तर दुप्पट."

"किती वेळ?"

"सोमवारी दुपारी एकपर्यंत."

सीप हसला. ती हसत नाही हे बघून थांबला. "पण आज पाचपर्यंत कुणाला तरी कळवायला हवं असं सकाळी म्हणालीस ना?"

"हवं होतं."

"आणि नाही कळवलं तर त्यांना काय वाटेल?"

"आपल्याला मान्य आहे असं."

सीपने दाराकडे पाहिलं. बाहेर पावसात गावातले पाचसहा जण सायकली टेकवून येत होते. सगळ्यांत पुढे बेकरीवाला, हात चोळत, मदतीला आलेल्या माणसाच्या उत्साहात.

"दाराला आतून कडी लावा," रिन्स्के म्हणाली.