आपापली जाकिटे

पहिले जाकीट बुडाले.

हौदात टाकल्यावर ते घटकाभर वर राहिल्यासारखे वाटले, मग चार बुडबुडे सोडून सरळ तळाशी जाऊन बसले. श्रीपादराव पोतनीस हातात घड्याळ घेऊन काठावर उभे होते. घड्याळाची गरजच पडली नाही. शेजारच्या संताजीबाबांनी बांबू घालून जाकीट वर काढायला घेतले, पण पाणी पिऊन ते इतके जड झाले होते की बांबूच वाकला.

"गादीची रुई भरली, भिया, तर गादीच होणार ना," संताजीबाबा आपल्या इंदुरी बोलीत म्हणाले. "आता हिला उन्हात टाका आणि झोपा हिच्यावर."

स्वयंपाकघराच्या दारातून द्वारकाबाई हे सगळे बघत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले.

"झालं? मग मुंबईला तार करून टाका. पद्मा येत नाही म्हणावं."

एवढे बोलून त्या आत गेल्या, आणि श्रीपादरावांनी बांबूचे दुसरे टोक धरून जोर लावला. कारण द्वारकाबाई एकदा बोलल्या की ती तार त्यांनी मनात केलेलीच असे.

पद्मजा त्यांची एकुलती एक. इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती, आणि सबंध मध्यभारतातून दोघींना विलायतेत दीड वर्षाच्या ट्रेनिंगसाठी निवडले होते त्यांत तिचे नाव पहिले होते. श्रीपादरावांनी ते पत्र कचेरीत सतरा जणांना दाखवले होते. अठराव्याने स्वतःहून मागून घेतले. पण द्वारकाबाईंनी त्यावर हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ अच्युत एकोणिसाव्या वर्षी खेडीघाटावर नर्मदेत बुडून गेला होता. तेव्हापासून खंडव्याच्या गाडीने नर्मदेचा पूल आला की त्या डोळे मिटून बसत, आणि पलीकडचे स्टेशन आल्यावरच उघडत. नदीची ही गत, तर समुद्राचे काय सांगावे.

अशात आगबोटीच्या कंपनीचे छापील पत्रक आले. प्रवाशांसाठी सूचना, चार पाने, बारीक इंग्रजी टाईप.

आता इंग्रजी कागद हा श्रीपादरावांचा प्रांत. त्यांची सगळी नोकरी तर्जुम्यात गेली होती. होळकर सरकारात इंग्रजी हुकूम मराठीत आणायचे, आणि संस्थान जाऊन मध्यभारत झाल्यावर तसलेच हुकूम हिंदीत. राज्य बदलले, खुर्ची तीच राहिली. एकतीस वर्षांत त्यांच्या तर्जुम्यात कुणी चूक काढली नव्हती आणि एक ओळ गाळलेली सापडली नव्हती. "ओळ गाळणं म्हणजे सरकारची जीभ कापणं," असे ते नव्या कारकुनांना सांगत, आणि नवे कारकून मान खाली घालून हसत.

त्यांनी पत्रकाचा रीतसर तर्जुमा केला, आणि जेवणानंतर दिवाणखान्यात मोठ्याने वाचून दाखवला. सातव्या कलमाशी आल्यावर आवाज आणखी चढवला. 'बोटीवर कवायतीची घंटा होताच सर्व प्रवाशांनी आपापली जीवरक्षक जाकिटे घेऊन हजर राहावे.' 'आपापली' या शब्दाखाली त्यांनी तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या.

"म्हणजे घरून न्यायची?" द्वारकाबाईंनी विचारले.

"अर्थात. रेल्वेत आपण आपली वळकटी नेतो, आपला तांब्या नेतो. तिथं कोण कुणाला देतंय? आपापली म्हणजे आपापली."

द्वारकाबाईंनी त्या तांबड्या रेघांवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "करा तयार. पाण्यावर राहिलं तर पद्मा जाईल. नाही राहिलं तर नाही जाणार. मग मला कुणी काही बोलायचं नाही."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी 'जाईल' हा शब्द उच्चारला होता. श्रीपादराव दुसऱ्या दिवशी कचेरी सुटताच बाजारात धावले. जाकीट म्हटल्यावर एकाने त्यांना लोकरीचे दाखवले, दुसऱ्याने बिनबाह्यांचे नेहरूछाप, आणि तिसऱ्याने लग्न कुणाचे आहे म्हणून विचारले. शेवटी पत्रकावरचे चित्र शिंप्याच्या पुढ्यात ठेवून त्यांनी संताजीबाबांच्या जुन्या खाकी तंबूच्या कापडाचे जाकीट शिवून घेतले. ते हे असे बुडाले.

"भाऊसाहेब," बांबू टेकून ठेवत संताजीबाबा म्हणाले, "पहिल्या लढाईत आम्ही खेचरं घेऊन बसऱ्याला गेलो ना, तेव्हा आम्हाला जहाजावर जे दिलं होतं—"

"तुम्ही सिपाही. सिपायाला सरकार टोपीपासून बुटापर्यंत सगळंच देतं. ही तिकिटाची प्रवासी आहे."

संताजीबाबांनी तोंड उघडले, मग दाराकडे बघितले. तिथे द्वारकाबाई पुन्हा येऊन उभ्या होत्या. बाबांनी घसा साफ केला.

"मी रुईचं सांगत होतो, भिया. त्यात सेमलची रुई होती. सावरीची. ती पाणी पीत नाही."

श्रीपादरावांनी त्या पावसाळ्यातली पहिली रजा टाकली आणि सकाळच्या मोटारीने बेटमा गाठले. तिथल्या पिंजाऱ्याकडे सावरीचा कापूस होता. त्याने पोते भरून दिले. पोते माणसाएवढे मोठे, पण श्रीपादरावांनी ते एका बोटाने उचलले आणि जागच्या जागी हसायला लागले. परतीच्या मोटारीत ते पोते मांडीवर घेऊन बसले. शिवणीतून पांढरे तंतू उडत होते, धारच्या रस्त्याने येणारे अर्धे उतारू शिंकत होते, आणि श्रीपादराव प्रत्येकाला सांगत होते की हे विलायतेला जायचे आहे.

घरी आले तो पद्मजा ड्यूटीवरून परतली होती. तिने पत्रक हातात घेतले, सातवे कलम दोनदा वाचले.

"बाबा, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोटीनंच जाऊन आल्यात. मी एकदा विचारून घेते."

"विचार की. नियम बदलणार आहे थोडाच."

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारले, "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" पद्मजाने उत्तर द्यायच्या आधी आईकडे पाहिले. द्वारकाबाई आपले जुने महेश्वरी लुगडे पुढ्यात घेऊन त्याचे लाल काठ कात्रीने सोडवत होत्या. जाकिटाच्या नाड्यांना तेवढे मजबूत दुसरे काही नाही असे त्यांचे म्हणणे होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचे लुगडे होते ते.

"बरोबर आहे म्हणाल्या," पद्मजा म्हणाली. "घेऊनच जायचं."

श्रीपादरावांचा ऊर भरून आला. मग काय, सावरी भरलेले नवे जाकीट शिवून झाले आणि कवायत सुरू झाली. पत्रकात लिहिले होते, सात आखूड ठोके आणि एक लांब. देवघरातली घंटा द्वारकाबाईंनी हातातून काढून घेतली, म्हणून पितळी थाळा आणि पळी आली. रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी श्रीपादराव अंगणात उभे राहून थाळा वाजवत. पद्मजा माडीवरून धावत येई, जाकीट डोक्यातून घाली, नाड्या पाठीमागून फिरवून पुढे बांधी. पहिल्या दिवशी तीन मिनिटे लागली. आठव्या दिवशी पाऊण मिनिट. समोरच्या गॅलरीत माणसे उभी राहून टाळ्या पिटत, आणि संताजीबाबा कठड्याशी बसून ओरडत, "डावी नाडी ढिली आहे, बेटा, कस तिला, कस!"

राहिले होते पाणी. रविवारी सकाळी दोन टांगे करून सगळे सिरपूरच्या तलावावर गेले. पाऊसकाळ नुकताच सरला होता, तलाव तुडुंब होता. संताजीबाबा लंगोट कसून तयार होते. त्यांनी जाकिटाला हात घातला, तशा द्वारकाबाई म्हणाल्या, "तुम्ही नको."

"का हो बाई?"

"तुम्हाला पोहता येतं. तुम्ही दगड बांधून उतरलात तरी वर याल. ज्याला पोहता येत नाही त्यानं उतरावं."

पोहता न येणारी माणसे तिथे तीन होती: द्वारकाबाई, पद्मजा आणि श्रीपादराव. पद्मजा पुढे झाली, पण श्रीपादरावांनी तोवर कोट काढला होता. त्यांनी चष्मा तिच्या हातात दिला, धोतराचा काचा मारला, आणि बायकोच्या लुगड्याच्या काठांनी छातीवर घट्ट गाठ मारली.

"किती वेळ राहायचं?" त्यांनी विचारले.

"सहस्रनाम पुरं होईपर्यंत," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि काठावर मांडी घालून बसल्या.

संताजीबाबांनी हाताला धरून त्यांना नेले. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, मग पायाखालची जमीनच गेली. बाबांनी हात सोडला. श्रीपादराव खाली गेले, नाकातोंडात पाणी शिरले, आणि त्यांना वाटले की झाले, संपला कारभार. पण कुणीतरी काखेत हात घालून उचलावे तसे ते वर आले आणि वरच राहिले. हनुवटीखाली जाकीट फुगून बसले होते. चष्म्यावाचून काठ दिसत नव्हता, नुसता बायकोचा आवाज पाण्यावरून येत होता. संथ, एकही अक्षर न खाता.

भीती कुठे गेली ते त्यांना कळलेच नाही. पन्नाशी उलटलेल्या, कचेरी आणि घर यापलीकडे पाऊल न टाकलेल्या त्या गृहस्थाला वाटायला लागले की आपण असेच तरंगत मुंबईपर्यंत जाऊ. त्यांनी एक हात वर करून हलवला.

"मजेत आहे," ते ओरडले.

"बोलू नका, तोंडात पाणी जाईल," संताजीबाबा शेजारून म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "बाई, जरा जल्दी जल्दी म्हणा हो. मी म्हातारा गारठून मरेन."

द्वारकाबाईंनी गती बदलली नाही. पण शेवटच्या दहा-बारा श्लोकांना त्यांचा आवाज भरभर धावू लागला, आणि शेवटचा संपायच्या आत त्या उठून घोटाभर पाण्यात आल्या होत्या. श्रीपादरावांना काठावर आणल्यावर त्यांनी पदराने त्यांचे डोके खसाखसा पुसले, लहान मुलाचे पुसतात तसे.

"जाऊ दे तिला," त्या म्हणाल्या.

पद्मजा गेली. स्टेशनावर द्वारकाबाई रडल्या नाहीत, त्यांनी फक्त जाकीट वळकटीच्या वरच्या बाजूला बांधले आहे ना ते दोनदा पाहिले.

एडनहून पत्र आले तो दिवस श्रीपादरावांच्या आयुष्यातला सणच म्हणायचा. कचेरीतून आल्यावर त्यांना पाकीट फोडलेले दिसले, पण त्याचे त्यांना काही वाटले नाही. द्वारकाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून सावकाश वाचत. फोटोबिटो आहे का बघितले असेल. दिवाणखान्यात आळीतली दहा-बारा माणसे जमली, संताजीबाबांना आरामखुर्ची मिळाली, आणि श्रीपादरावांनी उभे राहून वाचायला सुरुवात केली.

पद्मजाने कवायतीचे सगळे लिहिले होते. जाकिटे आणायची की नाही यावरून प्रवाशांत मोठा वाद झाला होता. एक गोरे साहेब म्हणाले, कवायतीत नुसती आपली जागा पाहून यायची, तो बोजा कशाला. अर्धे लोक रिकाम्या हातांनी आले. तेव्हा बोटीवरचा अधिकारी चिडला. ज्याला आज कोरड्या डेकवर नाड्या बांधता येत नाहीत त्याला अंधारात, बोट कलल्यावर कुठून येणार, म्हणाला. सगळ्यांना परत पाठवले. 'बाबा, मी पाऊण मिनिटात बांधून उभी राहिले. त्याने मला पुढे बोलावून सगळ्यांसमोर पुन्हा बांधायला लावले. विचारले, कुठे शिकलीस? मी म्हटले, इंदूरला. तो म्हणाला, तिथे समुद्र आहे? मी म्हटले, नाही, हौद आहे.'

दिवाणखाना हसून कोसळला. ती ओळ श्रीपादरावांना तीनदा वाचावी लागली. संताजीबाबा मांडीवर थाप मारून म्हणत होते, "ऐकलं? आमच्या इंदूरला पुढे बोलावलं."

पान उलटून श्रीपादराव पुढे वाचू लागले आणि थांबले. पुढची ओळ अशी होती: 'जाकिटे इथे प्रत्येक खोलीत दाराआड टांगलेलीच असतात. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितले होते, पण आईचा जीव त्या जाकिटात अडकला होता, म्हणून मी बोलले नाही. तुम्ही रागावू नका.'

त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. आपापली. एकतीस वर्षे. त्यांनी संताजीबाबांकडे पाहिले, तर बाबा खुर्चीच्या हाताचा वेत नखाने उकरत होते. मग द्वारकाबाईंकडे पाहिले. त्या खांबाला टेकून, हातांची घडी घालून ऐकत बसल्या होत्या. तलावावरून आल्यापासून त्यांना रात्री झोप लागत होती, आणि ती झोप त्या जाकिटावर होती.

श्रीपादरावांनी घसा खाकरला आणि त्याखालची ओळ वाचली. 'आपले जाकीट मी उशाला घेते. आईच्या काठांना अजून घरातल्या पेटीचा वास येतो.'

"मध्येच का थांबलात?" द्वारकाबाईंनी विचारले.

"अक्षर लागेना."

पद्मजाचे अक्षर त्यांनीच गिरवून घेतलेले, छापल्यासारखे. द्वारकाबाईंनी ते ऐकून घेतले आणि चहा टाकायला उठल्या.

रविवारी दुपारी जेवून श्रीपादराव खाटेवर टेकायला गेले, तर उशाशी नवी उशी होती. बेटम्याच्या पोत्यात उरलेला सावरीचा कापूस भरून द्वारकाबाईंनी दोन उशा शिवल्या होत्या, आणि दोन्हींच्या कडांना महेश्वरी लुगड्याचे राहिलेले लाल काठ लावले होते. दुसरी खाटेशी उभ्या असलेल्या द्वारकाबाईंच्या काखेत होती.

"ती तुमची, ही माझी," त्या म्हणाल्या, आणि दारापर्यंत जाऊन वळल्या. "आपापली."

त्या आपल्या खोलीत गेल्या. श्रीपादरावांनी उशी उचलून तिच्या लाल काठावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी चष्मा काढून फळीवर ठेवला आणि हळूच तिच्यावर डोके टेकले. उशी थोडी दबली, आणि वर राहिली.