मिस्त्रींच्या चोवीस सह्या

पोरीने हातोडी उचलली तेव्हाच मिस्त्रींना कळलं की ती चुकणार.

परीक्षा घ्यायला आलेल्या सरांनी तिच्यासमोर पंपाचा शाफ्ट ठेवला होता आणि एक नवं कोरं बेअरिंग. बसवून दाखव, एवढंच ते म्हणाले होते. पोरगी तंत्रशाळेची. आठवड्याचे तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस या पंपदुरुस्तीच्या कारखान्यात, मिस्त्रींच्या हाताखाली, असं सहा महिने चाललं होतं. आज पास झाली की पाणीपुरवठा केंद्रावर तिची नोकरी ठरल्यासारखीच होती.

तिने बेअरिंग शाफ्टच्या टोकाला लावलं आणि बाहेरच्या कडीवर हातोडी मारली. एकदा, दोनदा, मग जोर लावून. मारायचं असतं आतल्या कडीवर, आणि तेही थेट नाही, मापाची नळी मध्ये धरून. बाहेरून मारलं की सगळा मार दोन कड्यांमधल्या गोळ्यांवर बसतो आणि बेअरिंग चालू होण्याआधीच कामातून जातं. मिस्त्री दोन पावलांवर उभे होते.

सरांनी बेअरिंग बोटाने फिरवलं. ते खरखरलं. त्यांनी पोरीची नोंदवही उघडून पान शोधलं.

"इथे लिहिलंय, बेअरिंग स्वतः बसवलं, चार वेळा. खाली मिस्त्रींची सही आहे. मग आज काय झालं?"

पोरीने मिस्त्रींकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकांनी शिकवलं होतं, सर. मीच गडबडले."

मिस्त्रींचे कान तापले.

खरं असं होतं, की सहा महिन्यांत तिने एकही बेअरिंग बसवलं नव्हतं. ती आली तेव्हा मिस्त्रींची बायको जाऊन दोन महिने झाले होते. घरात बसवत नाही म्हणून ते कामावर यायचे. हात सवयीने चालायचे, तोंड बंद असायचं. पोरगी सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायची, नटबोल्ट निवडायची, झाडू मारायची. सुरुवातीला विचारायची, काका, हे मी करू का? बघत राहा, बघून येतं, असं म्हणून ते पुन्हा कामाला वाकायचे. तिला दिसायची ती त्यांची पाठ. हळूहळू तिने विचारणं सोडून दिलं. गेल्या महिन्यात तिने शाळेच्या यादीबरहुकूम भरलेली वही पुढे केली, तेव्हा मिस्त्रींनी चहा पिता पिता चोवीसच्या चोवीस पानांवर सह्या ठोकल्या. शेजारच्या टेबलावर मोटारींची तार गुंडाळणारा वाइंडिंगवाला म्हणाला होता, "मंत्री झालास की काय रे? न वाचता सह्या करतोयस." मिस्त्रीही त्याच्याबरोबर हसले होते.

पूर्वी असं नव्हतं. पंधरा वर्षांत अकरा जण त्यांच्याकडून शिकून गेले होते. त्या काळात बायको रोज जेवायला वाढताना विचारायची, "आज काय शिकवलंत पोराला?" तिला पंपातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सांगायला काही नसलं की म्हणायची, "म्हणजे आज नुसतं राबवून घेतलंत." ते ऐकायला लागू नये म्हणून मिस्त्री दिवसातून एक तरी गोष्ट शिकवायचेच. लोक म्हणायचे, मिस्त्री म्हणजे हाडाचा शिक्षक. हाडाचा कुठला! विचारणारं माणूस घरात होतं, एवढंच.

"दोनच गोष्टी होऊ शकतात," सर पोरीला म्हणाले. "एक तर तू नापास, नाहीतर ही वही खोटी." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"नापास करा, सर," पोरगी म्हणाली. अर्ध्या दिवसाची रजा मागावी तशी.

मिस्त्री काहीतरी पुटपुटले. सरांना ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. तेच दुसऱ्यांदा बोलणं जास्त जड गेलं.

"वही खोटी आहे, साहेब. हिला मी काही शिकवलं नाही. हातच लावू दिला नाही कशाला."

सरांनी टोपण लावलं. ते ओरडले नाहीत. नापासचा शेरा आता बसणार नव्हता, पण हे सहा महिने बाद झाले होते. दुसऱ्या कारखान्यात तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि केंद्रावरची जागा तोवर थांबणार नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. इथे यापुढे कुणाला पाठवणार नाही, हेही सांगितलं. दारापाशी गेल्यावर थांबले.

"तुमच्याकडे शिकलेला एक जण आज आमच्या शाळेत शिकवतो. त्याच्या शब्दावर मी हिला मुद्दाम इथे पाठवलं होतं."

ते गेले. वाइंडिंगवाल्याने मान खाली घालून तार गुंडाळायला घेतली. पोरगी आपली पिशवी भरत होती. मिस्त्री माफी मागायला तिच्याजवळ गेले, पण ती कशी मागायची ते त्यांना सुचेना.

"जरा वेळ आहे का तुला?" त्यांनी विचारलं.

"आता वेळच वेळ आहे, काका."

त्यांनी दुसरं बेअरिंग आणलं, नळीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि स्वतः मागे सरकले. आधी शाफ्टला ग्रीस लाव, मग नळी आतल्या कडीवर टेकव, म्हणाले. सरळ धर. हळू मार, फिरवत फिरवत. आवाज बदलला की बसलं, थांब. पोरीने तसंच केलं. आवाज बदलला तो तिला त्यांच्याआधी कळला. तिने बेअरिंग फिरवून पाहिलं. जराही न खरखरता ते फिरत राहिलं. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटंही झाली नव्हती.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नळावर साबणाने हात धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि रोजच्यासारखं "येते काका" म्हणून निघून गेली.

मिस्त्रीही उठून नळाशी गेले. पाणी सोडून कितीतरी वेळ हात चोळत राहिले. हात स्वच्छच होते. सगळं ग्रीस तिच्या हातांना लागलं होतं.