आधीच लिहिलेले चोवीस शब्द

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढा, अंगाने काळा. तोंडावर नखाएवढा पडदा आणि दोन बटणे, एवढाच माझा संसार. लोक मला हार्डवेअर वॉलेट म्हणतात, पण माझ्या पोटात पैसे नसतात. क्रिप्टोचे पैसे जगभरच्या संगणकांवरच्या एका मोठ्या वहीत असतात, माझ्याकडे असते ती त्यांची किल्ली. मी हरवलो किंवा बिघडलो, तर चोवीस शब्दांवरून तीच किल्ली दुसऱ्या यंत्रात पुन्हा तयार करता येते. म्हणून ज्याच्याकडे ते शब्द, त्याचे पैसे. खरा मालक कोण, हे कोणी विचारत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी कोरा होतो. पहिल्यांदा जागा झालो तो एका बंद खोलीत. खिडक्यांना कागद चिकटवलेले होते आणि टेबलावर माझ्यासारखे चाळीसेक जण ओळीने मांडलेले होते. रबरी हातमोजे घातलेल्या एका माणसाने मला केबल जोडली. माझ्या पडद्यावर एकेक शब्द उमटू लागला. त्याने ते चोवीस शब्द दोनदा लिहून घेतले, एकदा स्वतःच्या वहीत आणि एकदा छापील कार्डावर, सुरेख वळणदार अक्षरात. माझा पिनही त्यानेच ठरवला आणि कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात लिहून टाकला. मग मला खोक्यात घालून वर नवे कोरे सील लावले, खोक्यावर हलकेच थोपटले आणि म्हणाला, "जा. चांगलं घर मिळू दे तुला."

इतक्या मायेने बोलला, की मला थंडी भरली.

मला घर मिळाले ते एका कुलूपवाल्याचे. गल्लीच्या टोकाला त्याचे अरुंद दुकान होते. भिंतभर खिळ्यांना किल्ल्या टांगलेल्या, किल्ल्या कापायचे यंत्र, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक चुरा. दुकानाची जागा भाड्याची होती आणि घरमालकाने ती विकायला काढली होती. दोन महिन्यांत ती विकत घेतली नाही, तर तीस वर्षांचे दुकान उठणार होते. कुलूपवाल्याची लेक घरबसल्या परदेशातल्या लोकांना इमारतींचे आराखडे काढून द्यायची आणि तिची मिळकत क्रिप्टोमध्ये जमा व्हायची. तीन वर्षांची ती मिळकत जागेच्या कामी येणार होती. तोवर ती सुरक्षित राहावी, म्हणून लेकीने माझे नाव सुचवले.

तिने बजावले होते, की बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या. पण बाप म्हणाला, कुलपातलं मला शिकवू नकोस. त्याने कुठल्याशा विक्रेत्याकडून मला निम्म्या किमतीत आणले.

खोके उघडले तेव्हा त्याला लिहिलेले कार्ड दिसले आणि तो खूश झाला. मित्रांनो, त्याला हसू नका. त्याच्या दुकानात प्रत्येक नवे कुलूप आपल्या किल्ल्या सोबत घेऊनच येते. पुडीत दोन किल्ल्या नसल्या, तर तो माल परत पाठवतो. त्याच्या हिशेबाने मी अगदी पूर्ण आलो होतो. त्याने कार्ड तिजोरीत ठेवले, कोणाला दाखवले नाही, त्याचा फोटो काढला नाही, शब्द संगणकात टाकले नाहीत. जे जे जपायचे ते सगळे त्याने डोळ्यांत तेल घालून जपले. फक्त ते सगळे आधीच दुसऱ्या कोणाचे तरी होते.

लेकीने चाचणी म्हणून एका महिन्याची मिळकत त्या मोठ्या वहीतल्या माझ्या पत्त्यावर पाठवली. मी श्वास रोखून बसलो. काही झाले नाही. आठवडा गेला, महिना गेला, रक्कम जागच्या जागी. बापलेक निर्धास्त झाले. मला मात्र त्या शांततेचीच भीती वाटू लागली. त्या हातमोजेवाल्याला ती रक्कम कधीही उचलता आली असती. तो उचलत नव्हता, ती वाढायची वाट बघत होता. दर वेळी माझा पडदा उजळला, की वाटे, दाराच्या पलीकडे कोणीतरी उभे आहे आणि त्याला मुळीच घाई नाही.

शेवटी सगळी मिळकत पाठवायचा दिवस आला. भर दुपारी बापलेक दुकानातल्या टेबलाशी बसले. पाठवण्याआधी शब्द एकदा नीट पडताळून घेऊ, म्हणून लेकीने कार्ड मागितले. ती ते बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, हे अक्षर कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? आलंच तसं खोक्यातून."

दुकानात दुसरे कोणी नव्हते, तरी लेक अगदी हळू बोलली. "जुनं घर विकत घेणाऱ्यांना तुम्ही पहिलं काय सांगता?"

कुलूपवाल्याने कार्ड तिच्या हातून घेतले आणि उजेडात धरले. कुलूप बदला, किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत कुणास ठाऊक, हे तो रोज दोनदा तरी सांगत असे.

मोठी रक्कम वाचली. चाचणीचीही सोडवावी, म्हणून लेकीने ती घाईने परत पाठवली. रक्कम वाटेतच होती, तेवढ्यात कोणीतरी त्याच किल्लीने ती दुसरीकडे वळवली. दोन मिनिटेही लागली नाहीत. म्हणजे तो इतके दिवस नजर लावून बसला होता, आणि त्या क्षणीही बसलेला होता. लेकीने उठून दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले. तेवढ्याने काय होणार होते, ते तिलाही माहीत नव्हते.

पुढे त्यांनी थेट कंपनीकडून माझे धाकटे भावंड आणले. ते कोरे आले. पिन लेकीने ठरवला. चोवीस शब्द तिच्यासमोरच पडद्यावर उमटले आणि दार लावून तिने ते स्वतःच्या हाताने लिहिले. दुकानाची जागा आता त्यांची आहे.

आणि मी? लेक म्हणाली होती, "हे फोडून टाका." पण चालू वस्तू फोडायला कुलूपवाल्याचा हात धजत नाही. मी किल्ली हरवलेल्या कुलपांच्या खणात पडून आहे, कार्डासकट, सुरेख अक्षरासकट. परवा एका गिऱ्हाइकाने मला उचलून विचारले, "हे विकायचंय का?" कुलूपवाला नाही म्हणाला. पण तो आता थकला आहे, विसरू लागला आहे. जरा विचार करून नाही म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारखी माणसांच्या सेवेत झिजलेली प्रत्येक वस्तू शेवटी तुम्हाला हात जोडून सांगते, की मला जपा. माझे मागणे उलटे आहे. त्या दुकानात कधी गेलात, तर खण उघडा आणि हातोडी मागून घ्या. पलीकडचा अजून वाट बघतो आहे.