नव्या चेंडूची लकाकी

आमच्या जिमखान्याने सलामीचे फलंदाज बंद केले, तेव्हापासून चेंडू जुना होत नाही.

ठराव चिटणीस बापूसाहेब शिरगुप्पे यांनी मांडला. कांद्याच्या अडतीत मुरलेला माणूस; घट किती धरायची हे त्यांना पोत्याकडे बघून कळतं. "पहिले दोघे लवकर बाद होतातच," ते म्हणाले, "मग पाठवायचे कशाला? दोन बाद धरूनच सुरू करू." समोरच्या संघांनी हरकत घेतली नाही. फुकट मिळणारा गडी कोण नाकारतो? आता आमचा डाव दोन बाद शून्यवर सुरू होतो आणि आधी तिसरा क्रमांक उतरतो. तिसरा म्हणजे माझा धाकटा भाऊ भरत. बंद झालेले दोघे म्हणजे मी आणि इलाही मोमीन.

आमचं काम साधं होतं. नव्या चेंडूची लकाकी अंगावर घ्यायची, बरगडीवर, बोटांवर, मांडीवर. संध्याकाळी ती आंघोळीत निघून जायची. न्हाणीतलं लाल पाणी आई खराट्याने लोटून द्यायची.

आता ती लकाकी घ्यायला कुणी नव्हतं. तिने भरतला धरलं.

आधी त्याची नखं चमकली, मग गाल. ताट हातातून निसटायला लागलं, सदरा खांद्यावर ठरेना. आईने त्याला शिकेकाईने घासलं, मग राखेने. तो आणखीच उजळला. परवा त्याच्या कमरेभोवती शिवण उठली.

"दादा, हात लाव बघू. दुखत नाही."

हात लावला. दोरा ताठ होता.

मी बापूसाहेबांकडे गेलो. "आम्हाला दोघांना पाठवा."

"तुम्ही दुपारपर्यंत वीस धावा करणार. तेवढ्या तो एका षटकात काढतोय की."

"तो गुळगुळीत व्हायला लागलाय, बापूसाहेब."

"फॉर्मात आहे म्हणा."

रविवारी सामना होता. जोडी मैदानात असताना आमच्याकडे कुणी जागा सोडत नाही. सोडली की गडी पडतो. मोमीन मागच्या रविवारपासून सीमेबाहेरच्या बाकावरच बसला होता. सामना संपल्यावर त्याला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं. त्याच्या बुटांतून हरळी वर आली होती.

"घरी कळवलंस?" मी विचारलं.

"डबा येतोय," तो म्हणाला.

भरत छान खेळत होता. प्रत्येक फटक्यानंतर चेंडू अधिक नवा होऊन परत यायचा आणि भरत थोडा लहान व्हायचा. बॅट त्याच्या छातीला लागली, मग हनुवटीला.

"टायमिंग बघा, टायमिंग!" बापूसाहेब म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बसूनच.

बॅट त्याच्या डोक्यावरून दिसायला लागली तेव्हा मी उठलो.

"खाली बसा! गडी घालवाल!" बापूसाहेब ओरडले.

मैदानात बॅट पडल्याचा आवाज झाला. क्रीजमध्ये भरत नव्हता. पंचाने बोट वर केलं नाही. फलकावरचा माणूस शिडीवर चढला आणि त्याने बिनबाद शून्य लावलं. दुसऱ्या टोकाचा फलंदाज परत आला.

बापूसाहेबांनी फलक वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "जा आता," ते म्हणाले. "सुरुवातीला कुणीतरी लागतंच."

मोमीनने बूट उपटले. मुळांना माती होती. नेहमीसारखा तो माझ्या डावीकडून चालत आला.

"पहिला चेंडू सोड, भाई," तो म्हणाला. "आपण पहिला सोडतोच."

तो दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी गार्ड घेतला. गोलंदाज दूर, कुंपणापाशी उभा राहून काहीतरी लाल मांडीवर घासत होता. घासताना तो थांबला, त्याने ते कानाशी नेलं, मग पुन्हा घासायला लागला.

तो धावत सुटला. अर्ध्या वाटेवर मला हाक ऐकू आली.

"दादा, सोडू नकोस."

सोडायचा असला तरी बॅट उचलावी लागते, खेळायचा असला तरी. मी बॅट उचलली.