डाव्या डोळ्यातलं घर

कपाचा कान पांढरा... इतका पांढरा, की त्यानं उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्यानं पुन्हा पाहिलं — आणि कप पिवळट झाला. उजव्यातला मोतीबिंदू गेल्या आठवड्यात काढला, डाव्यातला अजून तसाच. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं तुम्हाला सगळं पिवळंच दिसत असणार, कळलंही नसेल. मला कळलं नसेल? उभा जन्म रंगाच्या दुकानात शेड जुळवण्यात गेला, आणि मला? गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की आपण ऐटीत सांगायचो, साहेब, रंग एकच असतो, बदलतो तो उजेड... आता एका नाकाच्या दोन बाजूंना दोन भिंती, दोन उशा. मग वास्तव वास्तव म्हणतात, ते यातलं कुठलं धरायचं?

"डोळा काय मारताय या वयात?" समोर बसत बायको म्हणाली. तिची बशी तशीच भरलेली. हल्ली तिची अन्नावर वासनाच नव्हती. दंड खाजवत होती — उकाडा आहे, म्हणायची.

त्याला हसू आलं. गंमत म्हणून त्यानं आता डावा डोळा झाकला. भिंत पांढरी झाली, उशी पांढरी झाली. तिचा चेहरा मात्र पिवळाच राहिला.

चूक असेल. दुकानातल्या सवयीनं त्यानं रंग शेजारी शेजारी धरले — कप तिच्या गालाशी नेला. ती हसली, आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं कपाच्या पांढऱ्याला जुळेना. कधीपासून?... सगळं घरच पिवळं होतं, त्यात ती बेमालूम मिसळून गेली होती, आणि मी रोज तिच्याकडे बघत होतो.

"काय झालं हो?"

"काही नाही."

"दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं म्हणालेत?"

"बघू. घाई काय आहे."

डोळा बदलला तरी जे बदलत नाही, ते वास्तव — व्याख्या सापडली होती, आणि ती त्याला नको होती. त्यानं हळूच उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. कप पिवळा झाला, भिंत पिवळी, तीही त्यांच्यासारखीच. इथं कुणालाच काही झालेलं नव्हतं. इथं राहता येईल, त्याला वाटलं, निदान चहा संपेपर्यंत...

"निवतोय तो," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तळव्याखाली डोळा उघडाच होता.